खोली क्रमांक सात

माझ्या खुर्चीपासून चित्र अकरा पावलांवर.
उन्हाळ्यात बारा, पाय सुजतात म्हणून.
खाली पितळी पट्टी: नाफ्ताली झिल्बर्ग,
‘मागल्या अंगणातून’, वूच, १९०७, तैलरंग.

ओल्गिएर्द शाळेची पोरं घेऊन येतो, हात पसरतो:
पाहा, नव्या चित्रकलेची पहाट,
भिंती वाकल्यात, खिडक्या एकमेकींच्या खांद्यावर चढल्यात,
आणि हे निळं! थेट पॅरिसहून आलेलं.
शतकाचा आशावाद.
पोरं वहीत लिहून घेतात: आशावाद.

मी बोलत नाही.
मला पगार आहे तो ‘हात लावू नका’ एवढ्याचाच.

पण धुराडी नऊ आहेत. मोजलीत मी, बारा वर्षं मोजतेय.
एकातूनही धूर नाही.

त्या हिवाळ्यात मालकांनी गिरण्यांना कुलपं घातली.
संप नव्हे. संपाला निदान स्वतःचा घसा असतो.
माझी पणजी पेलागिया तुटलेलं सूत सांधायची,
तिचं एक वाक्य घरात उरलंय,
हाताळून हाताळून पोचे आलेल्या पातेल्यासारखं:
देवानं आभाळ धुऊन वाळत घातलं होतं
आणि खाली पावाचा तुकडा नव्हता.

म्हणून ते निळं. पॅरिसबिरिस काही नाही.

नदी बघा, डाव्या कोपऱ्यात, बोटभर.
एरवी सोमवारी लाल, गुरुवारी जांभळी,
रंगशाळेत जे शिजेल ते नेसून निघायची.
इथे ती पाण्याच्या रंगाची आहे.
ओल्गिएर्द म्हणतो, चित्रकाराने इथे रंग राखून ठेवला.
अहो, राखायला होता कुठे.

आता वाकलेल्या भिंतींचं.
झिल्बर्गकडे अर्धी खाट होती भाड्यानं:
रात्री तो, दिवसा रातपाळीचा एक विणकर.
गिरणी बंद झाली, विणकर रात्रीही घरीच.
खाट एक, माणसं दोन,
एकानं खिडकीत बसून उजाडायची वाट पाहायची.
तशा डोळ्यांनी तुम्ही सरळ भिंत काढून दाखवा.
(पुरावा नाही. पत्ता आहे फक्त, चौथा मजला, मागची बाजू,
आणि त्या खोलीवर नोंदलेली सात नावं.)

चित्र विकत कुणी घेतलं? गिरणीमालकानंच.
आवडलं त्याला. आपली गिरणी, वर एवढं छान आभाळ.
जेवणघरात टांगलं.
तीस वर्षं सिगार, मेणबत्त्या, बदकाची चरबी;
झिल्बर्गनं जो धूर काढला नव्हता
तो बशीबशीनं येऊन
धुराड्यांवर बसला.

गेल्या वर्षी वॉर्सोहून दोब्रोख्ना आली, चित्रं स्वच्छ करणारी.
काडीला कापूस, कापसाला थुंकी,
रोज तळहाताएवढं आभाळ मोकळं करायची.
शेवटच्या दिवशी ते निळं असं अंगावर आलं
की मी मान फिरवली,
आणि पोटात खड्डा पडला
सकाळी अंडी, पाव, सगळं नीट खाऊन आलेली असताना.

बादलीत बोळे पडले होते, चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी.
त्यातला एक मी उचलला.
हात लावू नका म्हणणारीनंच.
कापूस तो. या गावात दुसरं असणार काय.

परवा शनिवारी एक चिमुरडी चित्रापुढे उभी राहिली,
बराच वेळ, एका पायावर.
मग आईला म्हणाली,
तिथे सुट्टी आहे का गं?
हो, आई म्हणाली, चल.

मी गणवेशाच्या खिशात हात घातला.
अजून वास येतो त्याला.